जुनं विंडोज, चालू दुकान आणि आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारे

प्रति,
मा. संपादक,
नागपूर

विषय: जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर सॉफ्टवेअर चालू ठेवण्याबाबत

महोदय,

गेल्या आठवड्यात या सदरात एका दुकानदार वाचकाचं पत्र आलं होतं. विंडोज ७ वरचं त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्या अपडेटनंतर उघडेनासं झालं. फोन केला तर 'नवीन कॉम्प्युटर घ्या' एवढंच उत्तर मिळालं. सॉफ्टवेअरवाले मुद्दाम माणसाला अडवतात, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे. २००२ पासून इतवारी, महाल, गांधीबाग, सीताबर्डी इथल्या दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर मी एकटाच लिहितो, एकटाच बसवतो, आणि रात्री नऊला फोन आला तरी एकटाच उचलतो. ते पत्र मला लागलं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लोहाओळीतले एक काका माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. नटबोल्ट, बिजागऱ्या, साखळ्या, कुलपं. २००३ मध्ये त्यांच्या गल्ल्याशेजारी मी विंडोज एक्सपीचं, म्हणजे विंडोज ७ च्याही आधीच्या विंडोजचं, मशीन बसवलं. मे महिन्यात पत्र्याखाली ४५ अंशांचा उकाडा, त्यात लोखंडाची भुकटी. दर दिवाळीला ब्लोअर मारून कॅबिनेट मी स्वतः साफ करायचो. पॉवर सप्लाय तीनदा बदलला, हार्ड डिस्क दोनदा. मशीन चालत राहिलं. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या बंद केल्या तेव्हा मी काकांना म्हटलं, आता नवीन घेऊन टाकू. त्यांनी काउंटरवरच्या काट्याकडे बोट दाखवलं. "हा माह्या बापाचा काटा आहे भाऊ. चालते न? मंग काहून बदलू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांच्या लेखी कॉम्प्युटर हे अवजार आहे. दसऱ्याला काटा, मापं आणि कीबोर्ड यांना एकाच ताटातलं कुंकू लागतं. अवजार मोडलं की बदलायचं, कुणी लांब बसून तारीख जाहीर केली म्हणून नाही. हे मला तेव्हा पटलं होतं आणि आजही बरंचसं पटतं. पण एक गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली नाही. बापाचा काटा ठरल्या मुदतीत वजनमापेवाल्यांकडे जातो, तपासला जातो, शिक्का घेऊन परत येतो. एक्सपी तपासून शिक्का मारणारं त्या तारखेनंतर कुणी उरलं नव्हतं.

मी मात्र माझं सॉफ्टवेअर एक्सपीवर चालवतच राहिलो. नवी आवृत्ती केली की नंदनवनातल्या घरी, कपाटात जपून ठेवलेल्या एका जुन्या एक्सपी मशीनवर आधी तपासायची, मग पेनड्राइव्हवर घेऊन दुकानं फिरायची. त्या मशीनच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले तेव्हा सीताबर्डीतून बदलून आणले, पण ते फेकलं नाही. गिऱ्हाइकांना खर्च नको होता, मला त्यांना तोडायचं नव्हतं. आपण बरोबर करतोय, याबद्दल मनात शंका नव्हती.

१२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांचे कॉम्प्युटर बंद पडले, पेशंटच्या ठरलेल्या तारखा रद्द झाल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती, पण फक्त चालू आवृत्त्यांना. हल्ला झाल्यावर मात्र त्यांनी तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या एक्सपीसाठीही ती खुली केली. मी धावतपळत माझ्या सगळ्या एक्सपीवाल्यांकडे जाऊन ती बसवली आणि मनात म्हटलं, बघा, वेळ आली की देतातच. नंतर कळलं की त्या हल्ल्यात सापडलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांना दुरुस्ती मिळत होती पण कुणी बसवली नव्हती अशी. त्यातून मी शिकायला हवं होतं ते शिकलो नाही.

त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला. गांधीबागेतलं माझं एक साड्यांचं दुकान. कापडावर तोवर व्हॅट नव्हता, त्यामुळे त्यांच्या एक्सपी मशीनला कधी इंटरनेटची वायर लागलेलीच नव्हती. आता रिटर्न भरायचं म्हटल्यावर ती लागली. एक्सपीतला इंटरनेट एक्सप्लोरर नव्या पद्धतीची सुरक्षित जोडणी करू शकत नाही, म्हणून मी फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची ५२ क्रमांकाची आवृत्ती टाकून दिली. एक्सपीवर चालणारी ती शेवटची. पोर्टल उघडलं, सगळे खूश. सेठनं विचारलं, "सर, याच्यानं काही धोका तं नाही न?" मी म्हणालो, काही होत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांच्या मुनीमजींचा फोन आला. "सर, बिल उघडून नाही राहिलं." गेलो तर प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलेलं, आणि डेस्कटॉपवर बिटकॉइन मागणारी इंग्रजी चिठ्ठी. बॅकअपचा पेनड्राइव्ह मशीनलाच कायम खोचलेला होता, त्यामुळे तोही गेला. चौदा महिन्यांचा हिशेब. बिलबुकांच्या कार्बन प्रती काढून मुनीमजी, मी आणि माझी बायको, तिघं तीन आठवडे दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून नोंदी करत होतो. जी उधारी बिलबुकात नव्हती, नुसती मशीनमध्ये होती, ती कायमची गेली. किती, ते सेठनी मला कधी सांगितलं नाही. आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "तुम्हीच म्हणलं होतं न सर, काही होत नाही म्हणून."

म्हणून त्या वाचकांना पहिलं सांगणं हे, की जुन्या सिस्टीमवर सॉफ्टवेअर चालू ठेवणारा प्रत्येक जण तुमचा हितचिंतक असतोच असं नाही. मीही नव्हतो. माझा प्रोग्राम म्हणजे दाराची फळी, चौकट आणि बिजागऱ्या विंडोजच्या. चौकटीला वाळवी लागली असताना मी फळीला रंग देत बसलो होतो.

माझा भाचा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. तो म्हणतो, "मामा, आम्ही ठरवून बंद नाही करत, आमच्या पायाखालचंच बंद होतं." त्याचं खरं आहे. आम्ही लिहितो ते ज्या साधनांत लिहितो, ती साधनंच जुनं विंडोज सोडतात. डॉट नेटची ४.० ही एक्सपीवरची शेवटची आवृत्ती, ४.५ पासून एक्सपी बाद. पायथननं ३.९ पासून विंडोज ७ सोडलं. गो भाषेनं २०२३ मध्ये आणि रस्टनं २०२४ मध्ये किमान विंडोज १० ची अट घातली. क्रोम विंडोज ७ वर १०९ क्रमांकाला थांबला, आणि क्रोमच्याच इंजिनावर बांधलेली ढीगभर सॉफ्टवेअरं त्याच्यासोबत थांबली. आता समजा यांतल्या एखाद्या साधनात फट सापडली आणि ती नव्या आवृत्तीत बुजवली गेली. आमच्यासारख्यानं ती नवी आवृत्ती घेतली तर विंडोज ७ वाला बाहेर पडतो, नाही घेतली तर सगळ्याच गिऱ्हाइकांच्या मशीनला ती फट राहते. दुकानदार वाचकांच्या बाबतीत असंच काही झालं असावं असा माझा अंदाज आहे. त्यांना कुणी मुद्दाम अडवलं असेल असं मला वाटत नाही.

पण मग त्यांच्या पत्रातलं खरं अर्धं कोणतं? 'नवीन कॉम्प्युटर घ्या' हे उत्तर. ते उत्तर देणाऱ्यानं आपलं काम केलं नाही. अपडेट टाकण्याआधी, 'तुमच्या विंडोजवर ही आवृत्ती चालणार नाही' हे प्रोग्रामनं स्वतः तपासून, साध्या मराठीत स्क्रीनवर सांगायला हवं होतं. त्याला दहा-बारा ओळींचा कोड लागतो. मी २०१९ पासून तो टाकतो. आणि चालत असलेली जुनी आवृत्ती परत बसवता यायला हवी होती. ती वेबसाइटवरून काढून टाकायची, तिची लायसन्स तपासणारा सर्व्हर बंद करायचा, आणि माणसाला स्वतःच्याच हिशेबाबाहेर उभं करायचं, याला मी लबाडी म्हणतो. थांबायचा हक्क आम्हाला आहे. पण ज्या माणसानं पैसे मोजून आवृत्ती घेतली, तिच्यात दहा वर्षांच्या नोंदी केल्या, त्याच्या नोंदी त्याला साध्या एक्सेलच्या फाइलीत कधीही, कुठल्याही मशीनवर, फुकट काढता आल्या पाहिजेत. मशीन एक्सपीचं असो की ९८ चं.

धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी हे जवळून पाहिलं. त्यांचं रक्त तपासायचं यंत्र कित्येक लाखांचं, नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं जातं. त्याला जोडलेला कॉम्प्युटर एक्सपीचा, कारण यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला यंत्राशी बोलता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम, फक्त त्यावरच चालतो. यंत्र विकणाऱ्याचं म्हणणं, नवा ड्रायव्हर नाही, नवं यंत्र घ्या. डॉक्टर बाई मला विचारत होत्या की चांगलं यंत्र भंगारात कसं टाकू. तिथे आम्ही त्या मशीनचं नेट पूर्ण तोडलं, यूएसबीची तोंडं बंद केली, आणि सिरियल केबलनं फक्त रिपोर्टचे आकडे शेजारच्या नव्या मशीनकडे जातील असं केलं. तिथलं एक्सपी आजही चालू आहे आणि मला त्याची काळजी वाटत नाही. गांधीबागेतल्या एक्सपीची वाटायला हवी होती. सिस्टीम दोन्हीकडे तीच. एक बाहेरच्या जगाशी बोलत होती, दुसरी बोलत नाही. 'जुनं चालेल का' असं कुणी विचारलं की मी आता आधी नेटच्या वायरीकडे बघतो, मग उत्तर देतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदीचं पाणी वस्तीत शिरलं, तेव्हा सीताबर्डीकडचं माझ्या एका गिऱ्हाइकाचं तळघरातलं दुकान छताला टेकेपर्यंत भरलं. कॉम्प्युटर दोन दिवस पाण्याखाली. सुदैवानं मालकाची मुलगी रोज रात्री बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्यायची. नवं मशीन आणलं, त्यावर विंडोज ११. माझा प्रोग्राम मूळचा व्हिज्युअल बेसिक ६ मधला. ते साधन १९९८ चं, त्यात प्रोग्राम लिहायच्या भागाला मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्येच रामराम ठोकला. मी हात जोडूनच सेटअप चालवला. दोन-तीन फाइली हातानं नोंदवाव्या लागल्या, आणि प्रोग्राम उघडला. सगळी खाती, सगळा स्टॉक, पाच वर्षांपूर्वीची उधारीसुद्धा. अडला तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कारण नव्या मशीनला ते जुनं लांबट पोर्टच नव्हतं. केबल आणली, तोही करकरत सुरू झाला. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि, खरं सांगतो, माझ्याही.

हे आपोआप घडलेलं नाही. व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्राम चालवणारा भाग प्रत्येक नव्या विंडोजमध्ये ठेवायचा, असं त्या कंपनीत कुणीतरी ठरवलं आणि एवढी वर्षं निभावलं. मी कधीही न पाहिलेल्या इंजिनिअरांनी माझं वीसेक वर्षांपूर्वीचं काम जिवंत ठेवलं. व्हीएलसी हा प्लेअर त्याच्या ३.० आवृत्तीत अजून एक्सपीवर चालतो. क्रोमनं विंडोज ७ ला सोडल्यावरही फायरफॉक्सवाल्यांनी त्या विंडोजवाल्यांसाठी ११५ क्रमांकाच्या आवृत्तीला पुन्हा पुन्हा मुदत वाढवून सुरक्षा दुरुस्त्या दिल्या. म्हणजे ज्यांना करायचं असतं ते करतात. कष्ट पडतात, तपासणीचे दिवस वाढतात, कुणी टाळ्या वाजवत नाही. तरी करतात.

म्हणूनच विंडोज १० चं जे झालं ते मला पटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. दसरा त्याआधी बारा दिवस होता. लोहाओळीतल्या काकांच्या मुलानं, आता दुकान तोच बघतो, विंडोज १० च्या मशीनला झेंडूचा हार घातला आणि मला विचारलं, "हेबी गेलं का आता?" ते मशीन २०१६ चं, सहाव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचं. मी त्यात एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून दिली आहे, वीस सेकंदांत उघडतं, कशातही कमी नाही. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. माझ्या गिऱ्हाइकांची विंडोज १० ची १९ मशीनं मी मोजली, त्यांतली ११ त्या अटीत बसत नाहीत. एक्सपीच्या वेळी सिस्टीम म्हातारी झाली होती हे मला मान्य करावं लागलं. इथे मशीन धडधाकट आहे आणि दुरुस्त्याही बनतच आहेत. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळतात, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैशाशिवाय, नाहीतर तीस डॉलर. धंद्याच्या मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. यंत्रांमध्ये बसवायची जी खास विंडोज १० आवृत्ती असते, तिला तर २०३२ च्या जानेवारीपर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. इंजिनिअर बसलेला आहे, फट शोधतो आहे, ती बुजवतो आहे. तयार झालेली ती दुरुस्ती इतवारीतल्या दुकानदाराला जादा पैसे मोजल्याशिवाय मिळू नये, यात तंत्राची कोणती अडचण आहे ते मला कुणी समजावून सांगावं. लहान सॉफ्टवेअरवाल्यानं थांबावं हे मी समजू शकतो. दुरुस्ती हातात तयार असलेल्यानं ती अडवून ठेवावी हे मला समजत नाही.

सरकारी अ‍ॅप लिहिणाऱ्यांनाही हे लागू आहे, किंबहुना जास्तच. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, आपल्याच वृत्तपत्रात आपण वाचलं असेल. फोन कमी क्षमतेचे, जुने झालेले, आणि त्यावर पोषणाच्या नोंदींचं नवं अ‍ॅप चालवायचं. दुकानदार निदान दुसरं सॉफ्टवेअर शोधू शकतो. सेविकेला ती सोय नाही, तिला तेच अ‍ॅप आणि तोच फोन. अशा ठिकाणी अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या टेबलावर सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुना फोन ठेवलेला असावा आणि त्यावर चाललं तरच अ‍ॅप बाहेर जावं. मी माझ्या कपाटातलं एक्सपी मशीन इतकी वर्षं याच कारणासाठी ठेवलं होतं.

आता ते मशीन मी नव्या आवृत्त्या तपासायला वापरत नाही. एक्सपी आणि विंडोज ७ साठी माझ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला वर्षभर आधी मराठीत लिहून कळवलं, दोघांच्या सह्या घेतल्या. जुनी आवृत्ती लायसन्सच्या किल्लीसकट त्यांच्याकडेच आहे, सुटी चालते, मला किंवा कुठल्या सर्व्हरला विचारत नाही. नेट लावणार असाल तर त्या मशीनला मी हात लावणार नाही, हेही त्याच कागदावर आहे. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे मला सोडून गेली. गांधीबागेतले सेठ गेले नाहीत. त्यांनी २०१८ च्या दिवाळीतच नवं मशीन घेतलं, आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह आता मुनीमजींच्या खिशात रोज घरी जातो.

ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं होतं त्यांना एक विनंती. अजून मशीन विकू नका आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. सॉफ्टवेअर उघडत नसलं तरी आतली नोंदींची फाइल बहुतेक शाबूत असते. हार्ड डिस्क काढून आणा किंवा अख्खं मशीन आणा, माझ्या जुन्या एक्सपीवर लावून त्यातल्या नोंदी एक्सेलमध्ये काढून देण्याचा मी प्रयत्न करीन. पैसे नकोत. माझा पत्ता या कार्यालयाकडे दिलेला आहे, त्यांनी मागितल्यास कृपया त्यांना द्यावा.

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक
नंदनवन, नागपूर